मागच्या रांगेतला माणूस

मालगाडी डाकोटातल्या एखाद्या आडगावात माल उतरवायला थांबली, की एक तरुण उडी मारून बाजाराकडे पळत सुटे. दोन-तीन दुकानदारांच्या ऑर्डरी घेई आणि शिटी वाजली, की धावत येऊन पुन्हा डबा गाठी. हा तरुण म्हणजे डेल कार्नेगी. ते तेव्हा आर्मर कंपनीचं खारवलेलं मांस, साबण आणि चरबी विकत. दुकानदाराकडे रोकड नसली, तर त्याच्याच फळीवरचे डझनभर बूटजोड ते उचलत, रेल्वे कामगारांना विकत आणि आलेला पैसा कंपनीला पाठवत. दक्षिण ओमाहाच्या २९ विक्रीमार्गांत पंचविसावा असलेला त्यांचा मार्ग पहिला आला.

बुटांची ही गोष्ट महत्त्वाची आहे. समोरच्याचं गाडं कुठं अडलंय, हे माल दाखवण्याआधी पाहायचं, हे मिसूरीतल्या गरीब शेतकऱ्याचा हा मुलगा रस्त्यावर शिकला होता.

१९११ मध्ये नोकरी सोडून ते नट व्हायला न्यूयॉर्कला गेले. ते जमलं नाही. मग मोटारी विकल्या. त्यात जीव रमेना. राहायची खोली झुरळांनी भरलेली. १९१२ मध्ये १२५व्या रस्त्यावरच्या वायएमसीएत त्यांनी भाषणकलेचा वर्ग मागितला. रात्रीचे दोन डॉलर द्यायलाही व्यवस्थापक तयार होईनात, तेव्हा कार्नेगींनी विक्रेत्याला ठाऊक असलेली वाट धरली: कमिशन.

पहिल्याच तासाला सांगण्यासारखं सगळं संपलं. वेळ मात्र उरला होता. त्यांनी मागच्या रांगेतल्या एकाला उभं केलं आणि स्वतःबद्दल बोलायला सांगितलं. मग दुसऱ्याला. पुढे कशाचा राग येतो ते सांगा, असं म्हटलं की लाजरी माणसंही भडाभडा बोलू लागत, हे त्यांच्या ध्यानात आलं.

आज प्रेरणादायी व्याख्यान म्हटलं, की झगमगत्या मंचावर एकजण बोलतो आणि सभागृह टाळ्या वाजवतं. कार्नेगींच्या वर्गात बोलायचं ते समोरच्यांनी. त्यांचं खरं मोठेपण इथं आहे, त्यांच्या १९३६ च्या जगभर खपलेल्या पुस्तकापेक्षाही इथं. पुस्तकावर एक आक्षेप नेहमी येतो: दुसऱ्यात रस घ्या म्हणजे तो आपलासा होईल, ही शिकवण आपुलकीलाच विक्रीचं हत्यार बनवते. आक्षेप खोटा नाही. रस मनापासून हवा, असं कार्नेगी पुनःपुन्हा बजावत. पण मनापासून वाटणं कुठल्याही अभ्यासक्रमात बसत नाही. भीती घालवणं मात्र बसतं.

१९५१ मध्ये चारचौघांत बोलायच्या नुसत्या कल्पनेनं ज्याच्या पोटात ढवळे, अशा एका तरुणानं १०० डॉलर भरून कार्नेगींचा अभ्यासक्रम केला. कार्नेगी जिथून मांस विकायला निघत, त्याच ओमाहाचा तो. लगेच त्यानं तिथल्या विद्यापीठात शिकवायला सुरुवात केली, धीर पुन्हा ओसरू नये म्हणून. हा तरुण म्हणजे गुंतवणूकदार वॉरन बफे. पुढे त्यांनी कार्यालयाच्या भिंतीवर आपल्या पदव्या लावल्या नाहीत. कार्नेगी वर्गाचं प्रमाणपत्र लावलं.