काट्यावरची नदी

जूनमधला पहिला जोराचा पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी मी मालाड खाडीकडे उतरणाऱ्या एका नाल्याच्या पुलावर जाऊन उभा राहतो. सात-आठ वर्षं झाली या सवयीला. पुलाच्या पलीकडे पाण्यावर नारिंगी रंगाची तरंगती माळ आडवी बांधलेली आहे. कामगार तिला नुसतं ‘बूम’ म्हणतात. आठ महिने गल्ल्यांत, गटारांत, भिंतींच्या कडेला साचलेलं सगळं पहिल्या पावसात एका रात्रीत खाली येतं आणि या माळेशी अडतं. सकाळी पाणी दिसतच नाही. दिसतो तो एक जाड, हलणारा थर. त्यात फुटक्या थर्माकोलचे तुकडे असतात, एकेकट्या चपला असतात, शहाळी, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या आणि गाठ मारून फेकलेली निर्माल्याची पिशवीही असते. आणि सगळ्यांत जास्त असतात ती पाकिटं, वेफर्सची, शेवेची, शाम्पूच्या पुड्यांची नि गुटख्याची.

बराच वेळ पाहत राहिलं की काय कमी आहे तेही लक्षात येतं. दुधाच्या पिशव्या जवळपास नसतात. बाटल्या असतात, पण कुणीतरी लांब काठीला आकडा बांधून त्या आधीच काठावर ओढून घेतलेल्या असतात. याचं कारण सरळ आहे. दुधाच्या पिशवीला आणि बाटलीला भंगारवाल्याकडे किलोमागे भाव मिळतो. वेफर्सच्या चकचकीत पाकिटात प्लास्टिक आणि धातूचा मुलामा एकमेकांना चिकटलेले असतात. ते वेगळं करणं कुणाला परवडत नाही, म्हणून त्याला भाव नाही. बाजाराने जे नाकारलं ते नाल्यात येतं. नाल्यातला कचरा समजून घ्यायचा तर मी इथून सुरुवात करतो.

आता महापालिकेच्या बाजूने पाहू. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्यानंतर पुराच्या चौकशीसाठी माधवराव चितळे समिती बसली, मिठी नदी विकास प्राधिकरण आलं, आणि १९९३ मध्ये तयार होऊन पडून राहिलेला पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल कपाटातून बाहेर निघाला. नालेसफाई आधीही होत होती, पण २००५ नंतर ती या शहराची वार्षिक परीक्षा झाली. ३१ मेची मुदत, टक्केवारीचे तक्ते, नाल्यावर उभे राहून पाहणी करणारे आयुक्त आणि पुढारी हे सगळं वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे. २०१८ च्या सुमारास त्यात तरंगत्या कचऱ्याची भर पडली. नद्यांच्या आणि मोठ्या नाल्यांच्या मुखांशी बूम आले, पुढे ठिकठिकाणी जाळ्या लागल्या, अडलेला कचरा उचलायला माणसं आणि यंत्रं कंत्राटावर आली. हे काम वाढत चाललं आहे आणि ते वाढायलाच हवं. २०२५ मध्ये नीस इथल्या संयुक्त राष्ट्रांच्या महासागर परिषदेच्या वेळी ‘द ओशन क्लीनअप’ या संस्थेने नद्यांतून समुद्रात जाणारं प्लास्टिक अडवण्यासाठी तीस शहरांचा कार्यक्रम जाहीर केला. त्यात मुंबई आहे.

माझा आक्षेप कंत्राटाला नाही. तो कंत्राटातल्या एका शब्दाला आहे, आणि तो शब्द म्हणजे ‘मेट्रिक टन’.

गाळ टनावर मोजला जातो. डंपर भरतो, वजनकाट्यावर चढतो, काट्याची पावती निघते, फेरी नोंदवली जाते आणि पावत्यांच्या बेरजेवर बिल निघतं. गाळासाठी हे मोजमाप योग्यही आहे. पूर येतो की नाही हे नाल्याच्या पोटात पाण्याला किती जागा आहे यावर ठरतं, आणि ती जागा गाळ काढल्यावरच मिळते. पण हेच माप डोक्यात ठेवून तरंगत्या कचऱ्याकडे पाहिलं की हिशोब कोलमडतो. वेफर्सच्या छोट्या पाकिटाचं वजन दोन-तीन ग्रॅम. पोकलेनने एकदा बकेट बुडवून काढली की सहाशे किलो ओला गाळ सहज वर येतो. म्हणजे त्या एका बकेटीची बरोबरी करायला दोन लाखांहून जास्त पाकिटं वेचावी लागतील. टनाचा हिशोब ठेवणाऱ्या कुणाचाही हात आधी कशाकडे वळेल? यात कुणाला लबाड म्हणायची गरज नाही. प्रामाणिक कंत्राटदारही जिथे वजन आहे तिथेच जाईल. काट्याला पाकीट दिसतच नाही.

जिथे लबाडीचा संशय आला तिथेही मुळाशी वजनच आहे. २०१५ मध्ये महापालिकेच्याच चौकशीत नालेसफाईच्या फेऱ्या आणि वजनं यांच्या नोंदी जुळत नसल्याचं पुढे आलं. कंत्राटदारांवर आणि अभियंत्यांवर कारवाई झाली. मे २०२५ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने मिठीतल्या गाळाच्या कामांबद्दल तेरा जणांवर गुन्हा नोंदवला. त्यात सुमारे ६५ कोटी रुपयांच्या गैरव्यवहाराचा आरोप आहे. त्याच वर्षी महापालिकेने कामाचे व्हिडिओ सक्तीचे केले आणि ते तपासायला कृत्रिम बुद्धिमत्ता लावली. पुरावा पक्का होणं चांगलंच आहे, मी त्याच्या बाजूने आहे. पण कॅमेरा जेवढा बारकाईने पाहील तेवढा तो एकच गोष्ट सांगेल, की इतका गाळ खरोखर निघाला. डंपर गेल्यावर तासाभराने, आठवड्याने, ओहोटीच्या वेळी पाण्यावर काय होतं याची नोंद तरीही कुठेच होत नाही. आपण काढण्याचे पैसे देतो. स्वच्छ राहण्याचे पैसे कुणालाच मिळत नाहीत.

यामागे एक जुनी गोष्ट आहे, ती नावाची. तुळशी तलावाकडून येणारी दहिसर, राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरातून निघणारी पोयसर, आरेच्या टेकड्यांतून येणारी ओशिवरा आणि विहार-पवईच्या सांडव्यातून निघून सुमारे अठरा किलोमीटर वाहणारी मिठी अशा चार नद्या या उपनगरांना आहेत. महापालिकेत त्या कुणाकडे आहेत? पर्जन्यजल वाहिन्या विभागाकडे. म्हणजे कागदावर नदी ही पावसाचं पाणी वाहून नेणारी वाहिनी. कांदिवलीत वाढलेल्या माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांना पोयसर ही नदी आहे हे चाळिशी उलटल्यावर कळलं. आम्ही तिला नालाच म्हणायचो. बोरिवली-कांदिवलीकडच्या नागरिकांनी ‘रिव्हर मार्च’ काढले तेव्हा त्यांची पहिली मागणी साधीच होती, हिला नदी म्हणा. नावाने पाणी स्वच्छ होत नाही हे खरं. पण ‘नाला’ म्हटलं की काम सफाईचं ठरतं आणि सफाईचं मोजमाप काट्यावर होतं. ‘नदी’ म्हटलं की तबेल्यांचं शेण, वस्त्यांचं सांडपाणी, उगमापासून खाडीपर्यंतचा काठ, सगळंच विचारात घ्यावं लागतं.

आता त्याच एका पाकिटाचा प्रवास पाहा. ते अंधेरीतल्या एका गल्लीत पडलं तेव्हा ते घनकचरा व्यवस्थापन विभागाचं होतं. गल्लीतून उचलायला माणसं आणि गाड्या आहेत, त्यांचे पैसे महापालिका देते. तिथे सुटलं की ते नाल्यात येतं, मग ते पर्जन्यजल विभागाचं आणि नाल्याच्या कंत्राटदाराचं. तिथेही सुटलं की खाडीतून समुद्रात जातं, आणि पावसाळ्यातल्या एखाद्या मोठ्या भरतीला समुद्र ते जुहू-वर्सोव्याच्या वाळूवर परत आणून टाकतो. तिथे किनारा साफ करणारं तिसरं कंत्राट आहे. दोन ग्रॅमच्या एका वस्तूसाठी शहराने तीनदा पैसे मोजलेले असतात, आणि तिन्ही कंत्राटांना एकमेकांची ओळख नाही. नाल्यावरच्या माणसाने ‘हे सगळं अमुक वस्तीच्या तोंडाशी येतं’ असं सांगितलं तरी ते ऐकून त्या वस्तीत गाडीची एक फेरी वाढवायचा अधिकार त्याच्या वरच्या साहेबाला नाही. तो दुसरा विभाग.

लोक टाकतात म्हणून नाला भरतो, असं दर वर्षी म्हटलं जातं. टाकतात हे खरंच आहे, आणि सोसायट्यांच्या मागच्या भिंतीवरून टाकणारे माझ्यासारखेच शिकलेले असतात. पण मुंबईतली चाळीस टक्क्यांहून जास्त माणसं झोपडवस्तीत राहतात असं २०११ ची जनगणना सांगते, आणि त्यातल्या अनेक गल्ल्यांत हातगाडीही वळत नाही. जिथे कचरा न्यायला कुणी पोचत नाही तिथे नाला हीच सर्वांत जवळची कचराकुंडी होते. ही सवय दंडाच्या पावतीने मोडेल असं मला वाटत नाही.

पैसे न घेता ही सफाई करणारा एक समाज आहे, त्याच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. पावसाळी बंदी उठून, नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात जातात तेव्हा वर्सोव्याच्या कोळीवाड्यात गेलात तर पाहायला मिळेल. तिथले कोळी डोल वापरतात. डोल म्हणजे भरती-ओहोटीच्या ओघात तोंड उघडं ठेवून रोवलेलं पिशवीसारखं जाळं. त्याचं टोक इतकं बारीक विणलेलं असतं की जवळाही सुटत नाही, मग पाकीट कसं सुटेल? होडी धक्क्याला लागली की बायका ताडपत्रीवर बसून माल निवडतात. बोंबील एका टोपलीत, मांदेली दुसऱ्या, करंदी तिसऱ्या. आणि चौथा ढीग प्लास्टिकचा. एका मावशींच्या हाताकडे मी बराच वेळ बघत होतो. करंदीला चिकटलेला प्लास्टिकचा कपटा त्या नखाने सोडवत होत्या, एकेक करत, मान वर न करता. त्या दिवशी चौथा ढीग करंदीच्या ढिगाहून मोठा होता. त्या वेळेची मजुरी त्यांना कुणी दिली नाही, आणि तो ढीग कुणाच्या तक्त्यातही गेला नाही.

मोजायची दुसरी रीत आहे का? आहे. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात जोन्स फॉल्स नावाचा प्रवाह बंदराला मिळतो. त्याच्या मुखाशी २०१४ पासून एक पाणचक्की कचरा ओढून काढते. ती प्रवाहाच्या जोरावर चालते, प्रवाह मंदावला की सौर ऊर्जेवर. यंत्राचं कौतुक बरंच झालं, मला त्याहून मोलाची वाटते ती त्यांची वही. भरलेल्या प्रत्येक कचरापेटीचं वजन ते देतात, आणि त्याबरोबर आत अंदाजे किती बाटल्या, किती फोमची भांडी, किती सिगारेटची थोटकं, किती पिशव्या निघाल्या तेही सर्वांसमोर मांडतात. फोमच्या भांड्यांवर बंदी आणा असं म्हणणाऱ्यांच्या हातात ते आकडे होते. पुढे बाल्टिमोरने आणि २०२० मध्ये मेरीलँड राज्याने ती बंदी आणली. वजनाच्या आकड्यावरून असा कायदा झाला नसता, कारण फोमला वजनच नसतं.

आपल्याकडे कायदे नाहीत असं नाही. २००५ च्या पुरानंतर पातळ पिशव्यांवर निर्बंध आले. २०१८ मध्ये राज्याने प्लास्टिकबंदी आणली आणि बाटल्या-पिशव्या परत घेण्याची तरतूदही केली, ती नाक्यावरच्या दुकानापर्यंत कधी पोचली नाही. २०२२ मध्ये वेष्टन बनवणाऱ्या नि वापरणाऱ्या कंपन्यांवरची ते परत गोळा करण्याची जबाबदारी केंद्राने पक्की केली. पण तीही टनांवरच मोजली जाते. कंपनीने कुठूनही, कुठल्याही सोप्या जागेवरून तेवढं वजन गोळा केल्याचं दाखवलं की झालं. नाल्यातून निघणाऱ्या पाकिटावर तर बनवणाऱ्याचं नाव, पत्ता आणि तारीख छापलेली असते. शहरातल्या दुसऱ्या कुठल्या घाणीवर असा पत्ता लिहिलेला नसतो, आणि तो वाचायचं काम आपण कुणालाच दिलेलं नाही.

निविदा लिहिणाऱ्या एका ओळखीच्या माणसाजवळ मी हे बोललो. तो म्हणाला, “वजन लेखापरीक्षणात टिकतं. पाकिटं मोजायला गेलो तर उद्या त्यावरही वाद.” त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. म्हणून गाळाचा काटा तसाच राहू द्या. तरंगत्या कचऱ्याचं कंत्राट वेगळं करा, ते बारा महिन्यांचं करा. ठरलेल्या जागी, ठरलेल्या ओहोटीला पाणी किती उघडं दिसतं यावर पैशांचा एक हिस्सा ठेवा. तिथे तर कॅमेराच पुरे आहे. कामाची वेळ घड्याळावर न लावता भरती-ओहोटीच्या तक्त्यावर लावा. भरतीत कचरा उलटा आत ढकलला जातो हे खाडीकाठचं पोरही सांगेल. आणि आठवड्यातून एकदा एका गाडीतली दोन-चार पोती ताडपत्रीवर ओता, निवडा, मोजा, आणि तो कागद प्रभाग कार्यालयाच्या फळ्यावर लावा. हे काम कचरावेचक बायकांना मजुरी देऊन द्या. कुठली वस्तू कुठून येते हे ओळखणारी या शहरात त्यांच्याइतकी जाणकार माणसं नाहीत. पूर्वेकडे मुलुंड, भांडुप, घाटकोपरचे नाले ज्या ठाणे खाडीत उतरतात तिला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला आहे. फ्लेमिंगो पाहायला होड्या भरून लोक जातात. सुरुवात तिथूनही करता येईल.

कामगारांबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या लढ्यानंतर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महापालिकेच्या २७०० कंत्राटी सफाई कामगारांच्या कायम होण्यावर शिक्कामोर्तब केलं. त्यासाठी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. नाल्यांचं काम वाढेल तशी नवी कंत्राटी माणसं येतील. त्यांना गमबूट, हातमोजे, लसी, आंघोळीला पाणी आणि पूर्ण मजुरी या अटी निविदेच्या पहिल्या पानावर यायला हव्यात.

यंदाच्या जूनमध्ये बूमपाशी लांब दांड्याची जाळी घेऊन काम करणाऱ्या एका तरुणाशी बोललो. मी विचारलं, “दादा, वहीत काय लिहिता?”

“गाडीचा नंबर, वेळ, फेरी,” तो म्हणाला.

“आणि कचऱ्यात काय होतं ते?”

“ते कोण विचारत नाही, काका.” मग त्याने जाळीने एक फिकट निळी पिशवी उचलून मला दाखवली. “ही वरच्या मटणवाल्याची. रोज सात-आठ येतात. सोमवारी नसतात, त्याचं दुकान बंद असतं. आणि ती थर्माकोलची ताटं आहेत ना, ती वरच्या हॉलमधून. काल लग्न होतं तिथं.” त्याने पिशवी पोत्यात टाकली आणि पुन्हा पाण्यात जाळी घातली.