चौथा परिच्छेद

वर्ध्याच्या घरी ओसरीवरच्या उन्हात सर बसले होते. नाकाला ऑक्सिजनची नळी, पायाशी यंत्राची घरघर, बशीत संत्र्याच्या फोडी. वकिलाने टाइप करून आणलेलं वैद्यकीय इच्छापत्र त्यांनी माझ्यापुढे सरकवलं. बरं होण्याची आशा उरली नाही तर व्हेंटिलेटर लावू नये, असा त्याचा मथितार्थ. लाल पेनाने तीन वेलांट्या दुरुस्त केलेल्या. जन्मभर मराठी शिकवलेला माणूस, दुसरं काय करणार!

“दोन साक्षीदार लागतात. एक शेजारचे पोस्टमास्तर, दुसरा तू. नात्यातला नको होता.”

“आणि मग कोर्टात?”

“ते गेलं. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने वाट मोकळी केली, पण न्यायदंडाधिकाऱ्याची सही ठेवली होती. ही नळी घेऊन कोण जातंय तिथे? 2023 पासून नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो. कर सही.”

मी पेन उघडलं नाही.

“सर, अरुणा शानभाग हल्ल्यानंतर जवळजवळ बेचाळीस वर्षं केईएममध्ये पडून होत्या. त्यांना जाऊ द्यावं ही याचिका 2011 मध्ये फेटाळली, तेव्हा तिथल्या परिचारिकांना आनंद झाला. ती माया खोटी होती का?”

“खोटी कशाला असेल? याचिका करणारीची कणवही खरीच होती. पण ज्या बाईबद्दल एवढं चाललं होतं, तिला काय हवंय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तिला विचारायची सोयच उरली नव्हती. मला अजून बोलता येतंय, तर बोलून ठेवतो.”

“म्हणजे विनोबांसारखं?”

सर हसले आणि खोकल्याची उबळ आली. मिनिटभर आम्ही दोघं ती सरण्याची वाट बघत बसलो. 1982 च्या नोव्हेंबरात विनोबांनी अन्न, पाणी, औषध सोडलं, तेव्हा सर सायकलने पवनारला गेले होते. ही हकिकत आमच्या वर्गाला पाठ होती.

“त्यांच्या पंगतीला मला बसवू नकोस. त्यांनी सोडलं. मी काहीही सोडलेलं नाही. हे संत्रं खातोय, रात्री मुगाचं धिरडं सांगितलंय. फक्त ते मशीन नको. सोडणं वेगळं, लादून न घेणं वेगळं. निबंधात एवढं लिहिलं असतंस तर अर्धा गुण जास्त दिला असता.”

मी कागद पहिल्यापासून वाचायला घेतला. न वाचता सही करू नये, हे त्यांचंच. आठवीत माझं प्रगतिपुस्तक त्यांनी परत पाठवलं होतं, वडिलांनी न बघता सही ठोकली म्हणून. चौथ्या परिच्छेदाशी मी अडलो. मला बोलता येईनासं झालं तर उपचार थांबवायची संमती अमुक यांनी द्यावी. अमुक म्हणजे त्यांचा मुलगा, न्यू जर्सीला असतो तो.

“बंडूला विचारलंत?”

“सांगेन ना.”

“सांगणं वेगळं, विचारणं वेगळं.”

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. “तो रडेल. म्हणेल, इकडे या. आत्तापासून कशाला त्याच्या जिवाला घोर?”

“मग रात्री दोनला हॉस्पिटलचा फोन जाईल तेव्हा हे त्याने पहिल्यांदा ऐकायचं? आणि तिथल्या तिथे हो म्हणायचं? स्वतःवर लादून घेत नाही म्हणता, आणि त्याच्यावर लादताय.”

बोलून गेलो आणि जीभ चावली. श्वास पुरत नसलेल्या माणसाशी वाद घालणं शोभत नाही, हे कळत होतं. पण त्यांचा मान राखायचा म्हणून डोळे मिटून सही केली असती, तर त्यांच्या वर्गात बसलो कशाला होतो? मला आजही वाटतं, तेव्हा अडलो ते बरं केलं.

सरांनी एक फोड सोलली, तिचे धागे काढत बसले.

“मलाच धीर होत नाहीये रे,” ते म्हणाले. “वकिलाला सांगितलं, पोस्टमास्तरांना सांगितलं. त्याला सांगायचं म्हटलं की फोन खाली ठेवतो.”

मी काही बोललो नाही.

“तिकडे किती वाजले असतील?”

“रात्रीचा दीड.”

“झोपू दे. संध्याकाळी लावून दे मला.”

लाल पेन उचलून त्यांनी चौथ्या परिच्छेदाशेजारी समासात प्रश्नचिन्ह काढलं, आमच्या वह्यांमध्ये काढायचे तसं, मोठं.

सातला फोन लागला. पाऊण तास चालला. मी तोवर अंगणात होतो. सही मी चार दिवसांनी केली. चौथा परिच्छेद नव्याने टाइप झाला होता. त्यात आता मुलाबरोबर सुनेचंही नाव होतं.