‘म्हणजे काय?’ : अर्थाचे धागे आणि दोन भाषांचे भोपाळ

स्मृतिभ्रंश म्हटला की विसराळूपणाच डोळ्यांपुढे येतो, आणि ‘साठी बुद्धी नाठी’ एवढे म्हणून तो विषय घरातल्या घरात मिटवलाही जातो. परंतु या आजाराचा एक प्रकार असा आहे की ज्यात माणूस कालचा दिवस विसरत नाही, घराची वाट चुकत नाही, दवाखान्याची तारीख बिनचूक सांगतो, आणि तरीही ‘अडकित्ता’ हा शब्द कानावर पडताच ‘अडकित्ता म्हणजे काय?’ असे विचारतो. शब्द ओठांवर येऊन अडला, एवढीच ही अडचण नसते, कारण अडकित्ता प्रत्यक्ष हातात दिला तरी तो कशासाठी असतो हे त्याला उमगत नाही. बोलणे ओघवते राहते, व्याकरण शाबूत असते, उच्चार स्पष्ट असतात. मात्र वाक्यांतली नामे एकेक करून गळत जातात आणि त्यांच्या जागी ‘ते’, ‘वस्तू’, ‘तसलं काहीतरी’ येऊन बसते. या विकाराला मराठीत ‘अर्थभ्रंश’ म्हणणे योग्य ठरेल.

प्राग येथील आर्नोल्ड पिक यांनी १८९२ साली मेंदूच्या मर्यादित भागाच्या झिजेमुळे भाषा हरवलेल्या रुग्णाचे वर्णन केले होते. पण स्मृती एकजिनसी नसते, घडलेल्या प्रसंगांची स्मृती वेगळी आणि जगाविषयीच्या ज्ञानाची, म्हणजे अर्थाची, स्मृती वेगळी, हा भेद एंडेल टुल्विंग यांनी १९७२ मध्ये मांडल्यानंतरच अशा रुग्णांचे खरे महत्त्व ध्यानात आले. १९७५ मध्ये एलिझाबेथ वॉरिंग्टन यांनी केवळ अर्थज्ञान ढासळलेल्या तीन रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि १९८९ मध्ये ज्युली स्नोडेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विकाराला ‘सिमँटिक डिमेन्शिया’ हे नाव दिले. या रुग्णांच्या मेंदूत कुंभखंडाचा, म्हणजे कानशिलाच्या आत असलेल्या भागाचा, पुढचा टोकाकडचा अंश दोन्ही बाजूंना आणि बहुधा डावीकडे अधिक झिजलेला आढळतो.

अर्थ मेंदूत कोठे असतो, या प्रश्नाचे जुने उत्तर असे होते की तो एका ठिकाणी नसतोच. चिंचेचे रूप दृष्टीच्या भागात, आंबटपणा चवीच्या भागात, ‘चिंच’ हा ध्वनी श्रवणाच्या भागात, आणि या सर्वांना जोडणारे धागे म्हणजेच चिंचेचा अर्थ. हे उत्तर आकर्षक आहे आणि अर्धे खरेही आहे, परंतु अर्थभ्रंशाचा रुग्ण त्याला अडचणीत आणतो, कारण डोळे, कान व जीभ यांचे मेंदूतील भाग बहुतांशी धड असूनही त्याची चिंच चित्रातून, शब्दातून आणि चवीतून जवळपास एकदमच पुसट होत जाते. म्हणून कॅरलिन पॅटरसन, मॅथ्यू लॅम्बन राल्फ आदी संशोधकांनी जी रचना सुचवली, तिची कल्पना बैलगाडीच्या चाकावरून सहज करता येते: इंद्रियांचे भाग परिघावर, त्यांच्यापासून निघालेले आरे आतल्या दिशेने, आणि ते सगळे जेथे रोवलेले असतात तो तुंबा कुंभखंडाच्या टोकाशी.

तुंब्याला एवढे महत्त्व दिल्यावर आऱ्यांकडे दुर्लक्ष होण्याचा धोका असतो, आणि नेमके तेथेच अलीकडच्या संशोधनाने लक्ष वेधले आहे. मेंदूतील लांब पल्ल्याचे चेतातंतू मायलिन या स्निग्ध आवरणामुळे पांढरट दिसतात, म्हणून त्यांच्या जुडग्यांना श्वेतद्रव्य म्हणतात. पाण्याचे रेणू अशा तंतूंच्या लांबीच्या दिशेने सहज आणि आडव्या दिशेने कष्टाने सरकतात, या साध्या गुणधर्माचा उपयोग करून एमआरआय यंत्राने जिवंत माणसाच्या मेंदूतील धाग्यांची दिशा व अखंडता मोजण्याची पद्धत १९९४ पासून विकसित झाली. अर्थभ्रंशाच्या रुग्णांत या पद्धतीने दोन जुडगी विशेष क्षीण झालेली दिसतात: मागच्या दृष्टिकेंद्राकडून कुंभखंडाच्या टोकाकडे येणारे लांब जुडगे, आणि त्या टोकाला कपाळामागील भागाशी जोडणारे आकड्यासारखे वळलेले जुडगे. याउलट कुंभखंडाच्या मागील भागाला वाचेच्या पुढील केंद्राशी जोडणारी कमान तुलनेने शाबूत राहते, आणि त्यामुळेच ऐकलेला शब्द जसाच्या तसा उच्चारता येतो, पण समजत नाही. अर्थाशिवाय वाणी चालू राहते हे विदारक सत्य या दोन वाटांच्या वेगळेपणातून उलगडते.

ऱ्हासालाही क्रम असतो. उदाहरणार्थ, भोपाळच्या मोठ्या तलावावर सारस पक्षी येतात. आयुष्यभर त्या काठाने फिरलेल्या माणसाला हा विकार जडला, तर तो सारसाला आधी बगळा म्हणेल, पुढे नुसता पक्षी, आणि अखेरीस प्राणी. कारण जे विरळ आणि वेगळेपणाने ओळखायचे ते आधी जाते, आणि जे पुष्कळांत समान ते शेवटपर्यंत टिकते.

भोपाळचा उल्लेख केवळ सारसापुरता नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्य प्रदेश अस्तित्वात आला, भोपाळ राजधानी झाले, आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथील मराठी कर्मचाऱ्यांची कुटुंबे सरकारी नोकरीच्या निमित्ताने तेथे स्थिरावली. ‘भेल’च्या (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) कारखान्यानेही माणसे आणली. घरात मराठी, कचेरीत व बाजारात हिंदी, अशा दुहेरी भाषेत जगलेली ती पिढी आता वार्धक्यात आहे. दवाखान्यातील संभाषण हिंदीत होते आणि रुग्णाची परीक्षाही हिंदीतच घेतली जाते. येथे एक निर्णायक भेद हातून निसटू शकतो. हिंदीतला ‘सरौता’ आठवत नाही पण ‘अडकित्ता’ म्हणताच ओळख पटते, तर वाट एका भाषेच्या शब्दाकडे जाताना तुटली आहे; दोन्ही शब्द निरर्थक वाटतात आणि वस्तूही परकी वाटते, तर तुंबाच खिळखिळा झाला आहे. एकाच भाषेत तपासलेल्या माणसाबाबत हे कळण्याची शक्यता कमी होते, आणि मराठीतील ‘शिक्षा’ दंडाची व हिंदीतील शिक्षणाची, मराठीतील ‘खाली’ म्हणजे तळाशी व हिंदीतील ‘खाली’ म्हणजे रिकामे, असे जुळे शब्द तर गैरसमजाला आमंत्रणच देतात.

लिपीचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. २०११ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांत या विकाराचे एक आधारलक्षण असे सांगितले आहे की रुग्ण अनियमित स्पेलिंगचे शब्द अक्षरांवरून वाचतो, म्हणजे ‘पाइंट’ हा इंग्रजी शब्द ‘मिंट’च्या चालीवर ‘पिंट’ असा. त्सुनेओ इमुरा यांनी १९४३ मध्ये जपानी रुग्णांत, उच्चार अक्षरावरून न ठरणाऱ्या कांजी लिपीच्या बाबतीत असेच काही नोंदवले होते. देवनागरी मात्र बहुतांशी उच्चारानुसार लिहिली जाते, त्यामुळे हिंदी वाचनात हे लक्षण लपून राहते. मराठीत एक फट आहे: च, ज, झ यांचे दोन उच्चार, जे लिपी दाखवत नाही. समाजातील ‘जात’ आणि ‘तो जात आहे’ मधील ‘जात’ सारखेच लिहिले जातात, आणि कोणता ज म्हणायचा हे शब्दाचा अर्थ माहीत असणाराच ठरवू शकतो. या फटीतून परीक्षा घेता येण्याजोगी आहे, असे येथे आग्रहाने सुचवावेसे वाटते. अर्थात हिंदी माध्यमात शिकलेल्या भोपाळी मराठी माणसाचा ज मुळातच बदललेला असू शकतो, म्हणून त्याचे पूर्वीचे बोलणे घरच्यांकडून जाणून घेतल्याविना निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल.

भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेने स्मृतिभ्रंशाच्या निदानासाठी चाचण्यांचा जो संच सिद्ध केला आणि ज्याची रचना २०२० मध्ये प्रसिद्ध झाली, तो हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड व मल्याळम या पाच भाषांसाठी होता. मराठी त्यांत नव्हती. याच संशोधकवर्गातील सुवर्णा अल्लाडी यांनी २०१३ मध्ये हैदराबादच्या ६४८ रुग्णांवरून दाखवले होते की द्विभाषिकांत स्मृतिभ्रंशाची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसू लागतात, आणि हे निरक्षरांतही आढळते. त्या निष्कर्षाचा आनंद मानताना हेही लक्षात घ्यावे लागते की उशीर म्हणजे सुटका नव्हे, आणि उशिरा प्रकटलेला विकार ओळखण्यासाठी त्या माणसाच्या दोन्ही भाषा जाणणारा कान लागतो. इंग्लंडमध्ये तयार झालेल्या एका प्रसिद्ध चाचणीत पिरॅमिडचे चित्र ताडाशी जोडायचे की पाइनशी, असे विचारले जाते. भोपाळच्या वृद्धेला जाते दाखवून ज्वारी की मिठाचे खडे, असे विचारणे अधिक न्याय्य ठरेल.

या विकाराविषयीचे एक निरीक्षण घरच्या माणसांच्या थेट उपयोगाचे आहे. रुग्णाला दुसऱ्याच्या घरची किटली ओळखता येत नाही, पण स्वतःच्या रोजच्या किटलीत तो चहा करू शकतो. वस्तूचा सर्वसामान्य अर्थ हरवला तरी ती विशिष्ट वस्तू, तिची जागा आणि हाताला लागलेली सवय यांच्या आधाराने तिचा वापर काही काळ टिकतो. भोपाळमधील अनेक मराठी वृद्धांची मुले पुण्यात किंवा बंगळुरात असतात, आणि आजाराची चाहूल लागताच आईला किंवा वडिलांना आपल्याकडे आणण्याचा निर्णय प्रेमापोटीच घेतला जातो. निघताना जुनी भांडी मोडीत दिली जातात, नव्या घरात सगळे नवे आणि चकचकीत असते, आणि भोपाळच्या अरेरा कॉलनीतल्या ओट्याशी आदल्या आठवड्यापर्यंत स्वतःचा चहा स्वतः करणारी बाई नव्या ओट्यापुढे उभी राहून विचारते, ‘हे म्हणजे काय?’ तिच्यासोबत ती पोचे आलेली किटली, तोच डबा आणि तीच गाळणी न्यायला सामानात फारशी जागा लागत नाही.