वाचलेले दिवस

गाठींमुळे हिची गर्भपिशवी काढायची ठरली, तेव्हा मी बँकेत महिन्याची रजा टाकली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दुर्बिणीतून करू. तिसऱ्या दिवशी घरी." मी तीन आठवड्यांची रजा परत केली. रजा परत करणारा कारकून बघायला साहेब स्वतः केबिनबाहेर आले!

आईचं हेच ऑपरेशन १९९४ साली झालं. पोटावर वीतभर चीर. सहा आठवडे तिला कळशीच काय, ताटही उचलू दिलं नाही. मावशी मुक्कामालाच आली. हिच्या पोटावर चार भोकं, एकही धड सेंटिमीटरभर नाही. भेटायला येणारी मंडळी शहाळं ठेवीत आणि "हात्तिच्या, एवढंच?" म्हणून हिरमुसून जात. जखम हे विश्रांतीचं व्हाउचर असतं. व्हाउचरवर रक्कमच किरकोळ, तर मंजूर करणार कोण?

दुर्बिणीचं नशीबच असलं. कील शहरातल्या कुर्ट झेम या स्त्रीरोगतज्ज्ञानं १९८० मध्ये दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं, तर जर्मनीतले सर्जन त्याच्यावरच उखडले. मग आमच्या शेजाऱ्यांचं काय घेऊन बसलात?

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, भोकं बाहेर लहान, आत कापलंय तेवढंच. आतले टाके भरेपर्यंत सहा आठवडे वजन उचलायचं नाही. पोट फुगवायला भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे खांदा दुखतो, हेही सांगितलं होतं. तरी ही खांदा धरून बसली, तेव्हा पोटाच्या ऑपरेशनात खांदा कुठून आला, असं माझ्या मनात आलंच. तोंडानं बोललो नाही, एवढंच.

पाचव्या दिवशी ही चालू लागली. चालायला सांगितलंच होतं. चालता चालता स्वयंपाकघरापर्यंत पोहोचली. मुलीनं डब्याचं विचारलं, मी चहाचं. हिला कामाला लाव, असं कुणी कुणाला सांगितलं नाही. नको, असंही कुणी म्हणालं नाही.

दहाव्या दिवशी ही न्हाणीघरात भरल्या बादलीशी वाकलेली दिसली आणि माझ्यातला कारकून जागा झाला. आईच्या मानानं हिचे चार-पाच आठवडे वाचले. ते जमा कुणाच्या खात्यात झाले? वाचवले हिच्या शरीरानं. खातं हिचं, पैसे काढायच्या स्लिपवर सह्या मात्र आमच्या. बँकेत या प्रकाराला एक शब्द आहे. त्यावर नोकरी जाते.

"अगं," मी विचारलं, "ते आठवडे तुझे तुला मिळाले असते, तर काय केलं असतंस?"

ही थोडा वेळ भिंतीला टेकून उभी राहिली.

"काही नाही. आडवी पडले असते." मग म्हणाली, "अहो, विचारताय कसले? बादली उचला तेवढी."