वेळ भरली असेल तर?

राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना मी सीपीआरचा व्हिडिओ दाखवते. माझा विषय तत्त्वज्ञान. सीपीआर मी मुद्दाम शिकून घेतला. हाक मारा, श्वास बघा, १०८ ला फोन लावा, छातीच्या मध्यावर तळहात, कोपर ताठ, मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान ५ सेंटिमीटर खोल दाबा. यंदा व्हिडिओ संपल्यावर एका मुलीने विचारलं, "मॅडम, त्याची वेळच भरली असेल तर आपण मध्ये पडायचं का?"

प्रश्न भाबडा नाही. पाचवीच्या रात्री सटवाई कपाळावर लिहून जाते, ते टळत नाही, या समजुतीने आपल्याकडे कितीतरी घरांना दुःख सोसायचं बळ दिलंय. पण ती माणूस गेल्यानंतरची समजूत आहे. समोर पडलेल्याच्या कपाळावरचं कुणाला वाचता येतं? आणि वाचता आलंच, तर त्या क्षणी ही मुलगी तिथे असणंही तिथेच लिहिलेलं नसेल कशावरून?

हृदय थांबलं तरी मेंदू लगेच मरत नाही, काही मिनिटं तग धरतो. पूर्वी बंद पडलेलं हृदय चोळायला सर्जनला छाती उघडावी लागे. १९६० साली जॉन्स हॉपकिन्सच्या कौवेनहोवन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी दाखवून दिलं की बाहेरून, नुसत्या हातांनी दाबूनही रक्त फिरतं. तेव्हापासून ती मिनिटं जवळ उभ्या असलेल्या कुणाच्याही हाती आली. ज्याला हे ठाऊक नाही त्याला मी दोष देणार नाही. व्हिडिओ पाहिलेल्याने मात्र दैवावर सोडून देणं मला मान्य नाही.

व्हिडिओतल्या पुतळ्याला जात नसते, पदर नसतो, तोंडाला दारूचा वास नसतो. खऱ्या माणसाला हे सगळं असतं, आणि ज्या समाजाने शतकानुशतकं स्पर्शाचाच विटाळ मानला, तिथे अनोळखी छातीवर हात ठेवणं हीच मोठी पायरी आहे. बाईला हात लावायला मुलगे बिचकतात. म्हणून मी त्यांना गुडघ्यांवर बसवते, सराव करून घेते आणि हे सगळं मोठ्याने बोलते.

शेवटी, सगळं बरोबर करूनही तो माणूस बहुतेक वेळा वाचत नाही, हेही सांगते. त्या दिवशी ती मुलगी म्हणाली, "मग आपण काय केलं?" मी म्हटलं, "तो एकटा गेला नाही, एवढं तर केलं." तिला ते पटलं नाही. ती अजून वाद घालते, आणि दर वेळी सरावाला सगळ्यांत आधी गुडघे टेकते.