वेगाचे ऋण
वसईच्या पूर्वेकडून जाणाऱ्या मुंबई–अहमदाबाद महामार्गावर पहाटे कामावर निघालेला सायकलस्वार दिसला की आम्हांस प्रश्न पडतो : त्याच्या जिवाची राखण कोणी करावी? मागे लाल दिवा लावावा, डावीकडून सरळ रेषेत जावे, वळण्यापूर्वी मागे पाहावे, एवढे त्याचे कर्तव्य खरेच. परंतु वाहनाचा वेग दुप्पट झाला की धडकेतील ऊर्जा चौपट होते, आणि वेग चालकाच्या हाती असतो. सायकलस्वाराची चूक त्याच्या जिवावर बेतते. चालकाची चूकही बहुधा त्याच्याच! म्हणून सावधगिरी दोघांची असली, तरी ऋण बलवानाचे अधिक. आम्हीही मोटारीतून जातोच. पुढे सायकल दिसताच वेग आवरणे आणि ऐसपैस अंतर राखूनच पुढे जाणे, हे उपकार नव्हेत; ते आमचे देणे आहे.