तारवाच्या पोटातील माल

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये २७:९-३८



आपल्या मराठी पवित्र शास्त्राच्या पहिल्या पानांवर 'बायबल सोसायटी ऑफ इंडिया, बंगलोर' असे छापलेले आपण पाहतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरच्या त्या नगरीला समुद्राचा वाराही लागत नाही. पण ज्यांनी हे वचन प्रथम मराठीत छापले, ते शिडांच्या व्यापारी जहाजांतून आले.

१७९३ साली विल्यम केरी कंपनीच्या जहाजावर चढले. परवाना नाही म्हणून त्यांना सामानासह उतरावे लागले. अखेर 'क्रोन प्रिन्सेसा मारिया' ह्या डॅनिश जहाजावर जागा मिळाली. डोरोथीबाईंच्या मांडीवर तान्हे मूल होते. १३ जूनला निघालेले ते तारू नोव्हेंबरात बंगालला लागले. पुढे तेथल्याच श्रीरामपुरी (आपल्या नव्हे) १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान व १८११ साली नवा करार मराठीत छापून निघाला.

गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट ह्यांची कथा अधिक कठीण. फेब्रुवारी १८१२ मध्ये ते फिलाडेल्फियाहून 'हार्मनी' जहाजाने निघाले. कलकत्त्यास पोहोचले तो ऑगस्ट उजाडला. वाटेत असतानाच अमेरिका व इंग्लंड ह्यांच्यात युद्ध जुंपले होते. कंपनीने परत जाण्याचा हुकूम केला. ते ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईस आले, तेथेही तोच हुकूम. कोचीनला निसटले, तर पकडून परत आणले गेले. वर्षअखेरीस राहण्याची परवानगी मिळाली. १८२६ साली हॉल पटकीने वारले, आणि त्याच वर्षी त्यांच्या मिशनचा मराठी नवा करार मुंबईत छापून पूर्ण झाला.

कंपनीचे वैर येशूशी होते असे मला वाटत नाही. उपदेशाने प्रजा बिथरेल व व्यापार बुडेल, हे तिचे भय होते. त्याच काळातील व्यापारी तारवांच्या पोटात चीनकडे जाणारी अफू होती, आफ्रिकेतून नेलेली साखळदंडातील माणसे होती. प्रकटीकरणाच्या १८व्या अध्यायातील मालाची यादी सोन्यारुप्यापासून सुरू होते आणि माणसांच्या जिवांवर येऊन थांबते. ज्या व्यापाराच्या वाटेने सुवार्ता आपल्या दारी आली, त्या वाटेविषयी ऋण मानताना हेही आपण विसरू नये.

पौल ज्या आलेक्सांद्रियाच्या तारवात होता, त्यात गहू होता. पुढे जाऊ नका, असे त्याने बजावले. शताधिपतीने मात्र तारवाचा धनी व तांडेल ह्यांचेच ऐकले. त्याला दोष देणे सोपे आहे. हिशेब त्यांच्याच बाजूचा दिसत होता.

आपल्या मंडळ्यांतील कितीतरी मुलेमुली नाशिक-सोलापूरहून आज बंगळूरला नोकरीस जातात. शिडे गेली, धनी आणि तांडेल आहेत. अशाच एका तरुणाने मला विचारले, "पाळकसाहेब, वरिष्ठ मला हिशेबात खोटे आकडे लिहायला सांगतात. घरी आईचे औषधपाणी माझ्या पगारावर चालते. मी काय करू?"

मी त्याच्यापुढे हाच अध्याय उघडला. चौदाव्या रात्रीनंतर त्याच लोकांनी तो गहू आपल्या हातांनी समुद्रात टाकला. तारू फुटले, २७६ माणसे मात्र किनाऱ्याला लागली.

तो पुष्कळ वेळ गप्प होता. मग म्हणाला, "गहू टाकण्याआधी ते जेवले होते ना?"

होय, पोटभर जेवले होते. पौलाने सर्वांसमक्ष देवाचे आभार मानून भाकर मोडली होती. त्या दिवशी आम्ही दोघांनी प्रथम त्याच्या आईच्या औषधांसाठी प्रार्थना केली.